एकोण म्हणजे कोण

"बाई, एकोण म्हणजे नऊच ना?" टाचणीनं हे विचारलं तेव्हा मी फळा पुसत होते, आणि मला एकदम राग आला. रागावण्यासारखं त्यात काही नव्हतं. पण तेहतीस वर्षं तिसरीच शिकवत आलेल्या बाईला एखादा प्रश्न आयुष्यात पहिल्यांदा ऐकू आला की आधी रागच येतो. उत्तर मागून येतं, आलं तर. टाचणी म्हणजे दुसऱ्या बाकावर भिंतीकडेला बसणारी हडकुळी पोर. ती टोचते म्हणून वर्गानं तिला हे नाव ठेवलं. मी म्हटलं, "एकोण म्हणजे एकोण. खाली बस." ती बसली नाही. "पण बाई, बे म्हणजे दोन, म्हणून बेचाळीस. त्रे म्हणजे तीन, म्हणून त्रेचाळीस. मग एकोण म्हणजे नऊ, एकोणचाळीस. चाळीस आणि नऊ. मग मला फुली का?" असं म्हणून तिनं कालचा पेपर डोक्यावर धरला. त्यावर माझ्याच हातच्या सहा लाल फुल्या होत्या. वर्ग हसला. वर्गाला हसायला नुसतं निमित्त लागतं. मीही हसले असते, पण तिच्या बोलण्यात मला चूक सापडेना. ती एकोणचाळीस हा आकडा ४९ असा लिहीत होती, आणि तसा का लिहीत होती हे तिनं मला वकिलासारखं मांडून दाखवलं होतं. "ते पाठ करायचं असतं," मी म्हणाले. हे वाक्य माझ्या तोंडून निघालं आणि मला ते मुळीच आवडलं नाही. तेवढ्यात मधल्या सुट्टीची घंटा झाली. घंटेनं मला असं अनेकदा वाचवलंय.

ती चाचणी माझी नव्हती, मोठ्या बाईंची होती. आमच्या मोठ्या बाई दीड वर्षापूर्वी आल्या, माझ्याहून अठरा वर्षांनी लहान आहेत, आणि वाईट मुळीच नाहीत. वाईट असत्या तर भांडायला सोपं गेलं असतं. त्यांचं म्हणणं एवढंच, की वर्ग एकसारखा हवा. मागे पडणाऱ्यांना वेगळं काढलं तर पुढच्यांचं भलं होतं आणि मागच्यांचंही होतं. म्हणून त्यांनी दहा वजाबाक्या काढल्या. मी त्या वर्गात मोठ्यानं वाचायच्या, पोरांनी ऐकून लिहायच्या आणि सोडवायच्या. पाच बरोबर आल्या तर वर्गात, नाही आल्या तर मागच्या खोलीत. ही मागची खोली म्हणजे पूर्वीची अडगळीची. तिची खिडकी पाण्याच्या टाकीकडे उघडते, त्यामुळे भिंतीला बारा महिने ओल असते. फळा आहे, पण त्याचा अर्धा भाग खडू धरत नाही. दिवसातून दोन तास एक तात्पुरत्या बाई येतात आणि पोरांना गोलांत रंग भरायला देतात. त्या खोलीत वजाबाकी शिकवत नाहीत, तिथे पोरंच वजा होतात, असं मी एकदा चहाच्या वेळी बोलून गेले. कुणी हसलं नाही, आणि मलाही आपण फार हुशारीचं बोललो असं वाटून शरम वाटली. कारण गेल्या वर्षी त्या खोलीच्या यादीवर मी सही केली होती. त्या वर्षीच्या नऊ पोरांपैकी किती वर्गात परत आली? एकही नाही. मी कुणाला विचारलं? कुणालाच नाही. या वर्षी यादीत अकरा नावं होती, सातवं टाचणीचं होतं, आणि सही उद्या दुपारपर्यंत द्यायची होती.

टाचणीची आई काल संध्याकाळी फाटकाशी भेटली होती. ती धुलाईच्या दुकानात इस्त्री करते. तिच्या उजव्या मनगटावर चटक्याचे जुने डाग आहेत आणि बोलताना ती ते मनगट चोळत असते. "बाई, माझ्या मुलीला त्या खोलीत नका ना घालू," ती म्हणाली. मी नेहमीचं सांगितलं: तिच्या भल्यासाठीच आहे, थोडे दिवस, मग बघू. तिनं ते ऐकून घेतलं, आणि मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मीही होते अशा खोलीत. आमच्याही बाई थोडे दिवसच म्हणाल्या होत्या. अजून दुकानात कपडे परत देताना किती गेले, किती राहिले ते दुसऱ्याला विचारते मी." मग तिनं मलाच नमस्कार केला आणि गेली. मी तशीच फाटकाशी उभी राहिले. शिपायानं विचारलं, "बाई, काही विसरलं का?" मी नाही म्हटलं.

मधल्या सुट्टीत मी डबा उघडला नाही. टाचणीचा पेपर समोर घेतला. एकोणतीसमधून बारा: तिचं उत्तर सत्तावीस, हवं होतं सतरा. एकोणसत्तरमधून अडतीस: तिचं एक्केचाळीस, हवं होतं एकतीस. त्र्याऐंशीमधून एकोणपन्नास: तिचं चोवीस, हवं होतं चौतीस. मी पेनाचं टोक एकेका फुलीवर ठेवत खाली आले. प्रत्येक उत्तर बरोबर दहानं चुकलेलं होतं. एक नऊनं, एक तेरानं असं नाही. सहाच्या सहा ठिकाणी दहानं. आणि सहाही ठिकाणी एकोण. मोठ्या बाईंना नऊचा आकडा का कोण जाणे फार प्रिय, त्यांनी पेपरभर पेरून ठेवला होता. उरलेल्या चार वजाबाक्यांत एकोण नव्हता, आणि त्या चारही बरोबर होत्या. बावन्नमधून अडतीस, ज्यात निम्मा वर्ग आपटतो, तिथे या पोरीनं दशक सुटा केला होता, पाचावर बारीक रेघ मारून वर चार लिहिला होता, बारामधून आठ घालवले होते आणि चौदा लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या. चुकलेल्या सहांतही तिची वजाबाकी कुठेच चुकली नव्हती. तिला वजाबाकी येत होती. माझ्या वर्गात जी पोरं पोपटासारखी एकोणचाळीस म्हणून ३९ लिहीत होती त्यांच्यापेक्षा तिला जास्त येत होती, कारण तिनं निदान शब्द उघडून बघितला होता. मी सहा फुल्या मारल्या तेव्हा काय बघितलं होतं? उत्तरसूची. डावीकडे पोरीचं, उजवीकडे सूचीतलं, जुळत नाही, फुली. मला स्वतःची चीड आली, आणि खरं सांगायचं तर त्या चिडीत मला बऱ्याच वर्षांनी बरं वाटलं.

कारण मीही अशीच चुकत असे. माझ्या डाव्या हाताला करंगळी नाही. कापली बिपली नाही, जन्मापासूनच नाही. आईला त्याचं फार वाटायचं. ती माझ्या प्रत्येक फ्रॉकला डाव्या बाजूला एक खिसा शिवायची, खोल, आणि घरी कुणी आलं की नुसती खिशाकडे बघायची. मी हात आत घालायचे. "सगळं दिलंय देवानं, एवढं एक उणं," ती पाहुण्यांना सांगायची, म्हणजे खिसा शिवून लपवलेलं ती स्वतःच जीभ सैल सोडून उघड करायची. मी दुसरीत असताना दादा मला गणित शिकवायला बसला. "दहातून तीन गेले, किती?" मी दोन्ही हात पुढे केले, तीन बोटं मिटली, उरलेली मोजली आणि सांगितलं, सहा. दादा म्हणाला, "पुन्हा मोज." पुन्हा सहा. "दहातून चार?" पाच. दादा आधी हसला, मग त्यानं माझं डोकं तळहातानं हलवलं आणि घरभर ओरडत सुटला, हिला काही येत नाही, हिला काही येत नाही. प्रगतिपुस्तकात मास्तरांनी लिहिलं, 'गणितात कच्ची'. मी कच्ची नव्हते. माझ्या हातांवर सहाच उरत होती. मी नीट मोजत होते, कुणी मारलं तरी खोटं सांगत नव्हते, आणि घरातल्या चार आणि शाळेतल्या एका शहाण्या माणसाला, जी सगळी माझी नऊ बोटं जन्मापासून ओळखत होती किंवा रोज बघत होती, त्यांना एकदासुद्धा असं वाटलं नाही की हिला विचारावं, बाळ, सहा कसे आले? पुढे एकदा शेजारच्या बाकावरची मुलगी बोटं मोजताना मी पाहिली आणि मला वाटलं, हिला एक बोट जास्त आहे. असं कितीतरी दिवस वाटत होतं. मग मी बोटं सोडली आणि काड्या घेतल्या. अजूनही माझ्या वर्गात पोरं बोटांवर मोजत नाहीत, काड्यांवर मोजतात. दहा काड्यांची जुडी, सुती दोऱ्यानं बांधलेली, आणि दशक सुटा करायचा म्हणजे दोरा सोडायचा. इतर शिक्षकांना ही माझी शिकवायची खास पद्धत वाटते. मी त्यांना काही सांगायला गेले नाही.

सुट्टी संपली आणि मी वर्गाकडे निघाले, तर वळणावर कुणीतरी आत ओरडलं, "पळा पळा, एकोणदहा आल्या!" हे माझं नाव. वीस-एक वर्षांपूर्वीच्या कुठल्यातरी वर्गानं ठेवलं आणि तेव्हापासून धाकटी भावंडं ते थोरल्यांकडून दप्तरासारखं घेतात. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. खिसा शिवण्यापेक्षा पोरांनी नाव ठेवलेलं परवडलं. पण त्या दिवशी मी वळणावरच थांबले. एकोणदहा. दहाला एक कमी. एक उणा. एक उणा दहा, एक उणे तीस, एक उणे चाळीस, मी पुटपुटले, आणि चाळीस माझ्या समोरून एक पाऊल मागे सरकल्यासारखं वाटलं. आईचंच ते 'एक उणं', पाहुण्यांसमोर तिनं उगाळलेलं, मी शंभरदा ऐकलेलं, आणि तेच मी तेहतीस वर्षं पोरांकडून घोकून घेत होते. अशिक्षित होते का मी? पदविका आहे, प्रशिक्षणं झाली, कुठल्यातरी प्रशिक्षणात हे कुणी सांगितलंही असेल आणि मी वहीत उतरवूनही घेतलं असेल. पण वहीत असणं आणि कानात पडणं यांत फरक आहे. ज्या कुणा कार्ट्यानं मला एकोणदहा म्हटलं, त्याला एकोण म्हणजे कोण ते अगदी पक्कं कळलेलं होतं. त्याच दिवशी मी त्याला पाढा चुकला म्हणून उभंही केलं असेल.

वर्गात गेले आणि खडू घेतला. फळ्यावर चाळीस लिहिलं. टाचणीला म्हटलं, "उभी राहा. तू सकाळी काय विचारलंस ते पुन्हा विचार." तिला वाटलं शिक्षा आहे. हळू आवाजात म्हणाली, "एकोण म्हणजे नऊच ना?" मी म्हटलं, "नाही. एकोण म्हणजे एक उणा. चाळीसला एक उणा, तो एकोणचाळीस. चाळीसचं घर लागायला एक पायरी राहिलेली असते, पण नाव आधीच चाळीसचं सांगतो." ती फळ्याकडे बघत राहिली. तिचे ओठ हलत होते: तीसला एक उणा, साठला एक उणा. मग तिचा चेहरा असा झाला की मला वाटलं ही आता रडणार, पण ती भडकली होती. "म्हणजे नावातच वजाबाकी केलेली आहे?"

"हो."

"मग बाकीच्यांना ३९ लिहायचं कसं कळलं?"

"नाही कळलं. त्यांनी पाठ केलंय."

"आणि तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

पोरांना वाटलं आता काहीतरी फुटणार. मी खडू ठेवला. "मला माहीत नव्हतं," मी म्हणाले. पन्नाशी उलटलेल्या बाईनं चाळीस पोरांसमोर हे म्हटलं की छप्पर कोसळत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. कुणीतरी मागून म्हणालं, "बाईंना पण फुली!" आणि मी फळ्यावर माझ्या नावानं एक मोठी फुली काढली.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मी टाचणीला घेऊन मोठ्या बाईंच्या खोलीत गेले. रात्रभर मी त्यांच्याशी मनात भांडले होते आणि प्रत्येक वेळी जिंकले होते. पेपर टेबलावर ठेवून दहाच्या चुका दाखवल्या. त्यांनी शांतपणे ऐकलं. "अहो बाई, मला पटतंय," त्या म्हणाल्या, "पण चूक ती चूकच. उद्या दुसरी परीक्षा येईल तेव्हा कुणी शब्दाची फोड करत बसणार नाही. आणि एकीला सवलत दिली तर सगळ्यांचे पालक येतील." मी म्हटलं, "सवलत नकोय. आत्ता विचारा तिला." त्यांनी खांदे उडवले, कोरा कागद पुढे सरकवला आणि पेन्सिल दिली. "लिही बाळ. एकोणसत्तर."

टाचणीनं ७० लिहिलं.

मोठ्या बाईंनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत विजय नव्हता, कीव होती, आणि तीच मला सहन झाली नाही. त्यांचं पेन यादीतल्या सातव्या नावाकडे निघालं तसं मी त्यांचं मनगट धरलं. सगळ्या नोकरीत मी वरिष्ठांच्या अंगाला कधी हात लावलेला नाही. "थांबा," मी म्हटलं, "तिचं अजून व्हायचंय." टाचणीचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. तिनं सत्तरच्या खाली १ लिहिला, डावीकडे आडवी रेघ काढली, खाली लांब रेघ ओढली. "शून्यातून एक जात नाही," ती स्वतःशीच बोलली, सातावर बारीक रेघ मारली, वर सहा लिहिले, दहातून एक घालवला. ६९. मग मान वर करून म्हणाली, "हा झाला. आता ह्याच्यातून किती घालवू?"

मोठ्या बाईंनी मनगट सोडवून घेतलं. कागद स्वतःकडे ओढला. "फार वेळ लागतो हिला," त्या म्हणाल्या.

"लागू दे."

"एवढा वेळ कोण देणार?"

"मी."

त्या हसल्या, आणि ते हसू चांगलं होतं. "ठीक आहे. हिचं नाव खोडते. तुमच्या शब्दावर. आता बाकीच्या दहांवर सही करा आणि मोकळ्या व्हा." त्यांनी सातवं नाव खोडलं आणि यादी माझ्यापुढे केली. खोटं कशाला बोलू, मी पेन हातात घेतलं होतं. मला आनंद झाला होता. एक पोर वाचली, इस्त्रीवाल्या आईला संध्याकाळी फाटकाशी सांगता येईल, ती मनगट चोळायचं थांबेल, मी घरी जाऊन पोटभर जेवेन. पेनाचं टोक कागदाला लागलं. पहिलंच नाव होतं त्या शेवटच्या बाकावरच्या मुलीचं, जिला वर्ग गोगलगाय म्हणतो. तिची वजाबाकी मला तोंडपाठ आहे: वरचा आकडा लहान असो की खालचा, ती आपली मोठ्यातून लहान घालवते. बावन्नमधून अडतीस, तिचे सव्वीस. मी तिला आळशी समजत होते. आणि आता तिथे पेन टेकवून उभी असताना मला माझाच आवाज ऐकू आला, दरवर्षी जून महिन्यात फळ्यासमोर उभं राहून ठासून सांगणारा: दोनातून आठ जात नाहीत, लहानातून मोठं कधी जात नाही. तिनं ऐकलं होतं. चाळीस पोरांत बहुतेक तिनं एकटीनंच ते मनापासून ऐकलं होतं, आणि म्हणून ती मोठ्यातूनच घालवत होती. दुसरं नाव कुणाचं होतं? तिसरं? त्यांचे पेपर मी असे शेजारी ठेवून बघितलेच नव्हते. आपलीवाली सोडवून घेतली आणि बाकीच्यांना काही न विचारता सही करायला निघाले, अगदी दादासारखी.

मी पेनाला टोपण लावलं. "नाही करत सही."

"अहो, आत्ता तर..."

"आत्ता एकीचं विचारलं. या दहांना अजून कुणी विचारलेलं नाही."

मोठ्या बाईंचा चेहरा कडक झाला. "मग मला वर कळवावं लागेल की वर्गशिक्षिकेनं यादी अडवली. पुढच्या वर्षी तुम्हाला तिसरी मिळणार नाही, हे मी आत्ताच सांगते. कपाटं लावत बसाल."

मला भीती वाटली. तिसरीशिवाय मला दुसरं काही येत नाही, आणि ते त्यांना ठाऊक होतं. "कळवा," मी म्हटलं, "पण यादी माझ्याकडे राहील." यादीची घडी घालून मी ती माझ्या वहीत ठेवली आणि त्यांच्या टेबलासमोरची खुर्ची ओढून बसले. त्या खुर्चीवर पालक बसतात, आम्ही शिक्षक तिथे उभे असतो.

"तुम्ही काय आता इथे बसून अकरा पोरांची कारणं शोधणार?"

"दहा," मी म्हटलं. "एकीचं झालं." मग टाचणीकडे वळले. ती पेन्सिल घेऊन पुढच्या आकड्याची वाट बघत तशीच उभी होती. "जा गं वर्गात, आणि गोगलगायीला तिचा पेपर घेऊन पाठव. घाबरेल ती. तिला म्हणावं, बाई ओरडायला बोलावत नाहीयेत, तुझे सव्वीस कसे आले ते विचारायचंय."